तळघरातला वजनकाटा

वेस्ट हेडाल, आयोवा
रविवार, १८ जानेवारी १९८७

प्रिय लव्हॉन,

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही मिळालं. हातमोजे ऑर्विलला घट्ट होतात, पण नवरा माझा असल्यामुळे मला ठाऊक आहे, तो ते कबूल करणार नाही आणि रोज घालेल. इकडे सगळे बरे. थंडी एवढी, की सकाळी दुधाच्या टँकरचा नळ गरम पाण्यानं सोडवावा तेव्हा कुठे ऑर्विलची फेरी निघते. पास्टरच्या बायकोचं ऑपरेशन झालं. आम्ही चर्चच्या बायकांनी आळीपाळीनं त्यांच्याकडे जेवण पोचवलं.

कर्टचं विचारलंस. त्याचं शाळेचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे शाळेच्या कुस्तीचंही. उन्हाळाभर त्यानं लोकांच्या शेतावर गवताचे भारे उचलले, संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत लोखंड उचललं, आणि ऑगस्टमध्ये त्याचे सगळे शर्ट खांद्यात उसवले. कोच रीडेल खूश होते. पोराच्या अंगात बळ आलंय ते राखू या, एकशे अडतीस पौंडांच्या गटात खेळवू या, असं त्यांचं म्हणणं. पण ऑर्विलचं गणित निराळं. त्या गटात आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षीचा राज्याचा विजेता आहे. त्याच्यावर डोकं आपटण्यापेक्षा एकशे सव्वीसमध्ये उतर, तिथं तुझ्या ताकदीचं कुणी नाही, असं त्यानं कर्टला समजावलं. ऑर्विल स्वतः तीन हिवाळे वजन उतरवून खेळला आणि राज्यस्पर्धेच्या दारातून परत आला, हे तुला माहीतच आहे. कर्टनं मान डोलावली. बापाला तो नाही म्हणत नाही.

तेव्हापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे आजाऱ्याची खोली झालंय. कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ नाही. पाण्यासारखं सूप. कोरी कॉफी. शनिवारी कुस्त्या संपल्या की तो ताटावर तुटून पडतो आणि सोमवारपासून पुन्हा उपास. अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून दिवसभर एका कागदी कपात थुंकत असतो. जेवणाच्या टेबलावर हे चालणार नाही म्हणून मी दटावलं, तर म्हणाला, "आई, मी जेवतोय कुठे?" ऑर्विल हसला. मीही हसले.

तळघरात घर तापवायच्या भट्टीच्या शेजारी वजनकाटा आहे, डॉक्टरकडे असतो तसला उभा, दांडीवर वजन सरकवायचा. जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ऑर्विलनं तो उचलून आणला. कर्ट रबरी सूट घालून भट्टीपाशी दोरीवरच्या उड्या मारतो आणि मधूनमधून काट्यावर चढतो. दांडीचा खट्‌ असा आवाज मला वर ओट्यापाशी ऐकू येतो.

तू हॉस्पिटलात काम करतेस म्हणून सहज विचारते. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर ते पाणी कमी प्यायल्यामुळेच असतं ना? तसं काळजीचं काही नाही. गेल्या मंगळवारी कर्ट तळघरात जरा खाली बसला होता, एवढंच. मग उठला.

जिल्ह्याची स्पर्धा फेब्रुवारीत आहे. तिथं पहिल्या दोघांत आला की राज्यस्पर्धा. एकदाचं हे होऊन जाऊ दे.

तुझी
आर्डिस

&nbsp;

वेस्ट हेडाल
मंगळवार, २४ फेब्रुवारी

प्रिय लव्हॉन,

फोनवर मी तुझ्याशी धड बोलले नाही. फोन स्वयंपाकघरात आहे आणि बापलेक दोघंही घरात होते. तब्येत बरी आहे ना सगळ्यांची? इकडे बर्फ वितळायला लागलाय, अंगणात नुसता राडा.

कर्टची कुस्ती झालीच नाही. शनिवारी सकाळी वजनात तो जास्त भरला. दीड पौंडाहून थोडा अधिक.

मी मागाहून माझ्या गाडीनं गेले. जिम्नॅशियमच्या मागच्या बोळात तो रबरी सूट चढवून धावत होता. वजनं घ्यायची वेळ संपत आली होती. अंगात घामच उरला नव्हता, लव्हॉन, कोरड्या ठणठणीत तोंडानं धावत होता. कोच रीडेलनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि मलमपट्टीच्या पेटीतल्या कात्रीनं त्याचे केस कापले, कुठे टाळूपर्यंत, कुठे अर्धवट. केसांचंसुद्धा वजन असतं ना. मग पुन्हा काट्यावर चढवलं. अर्धा पौंड तरीही जास्तच. पंचांनी हातातल्या कागदावर रेघ मारली. ते वाईट वाटून म्हणाले, "पोरा, नियम आहे." कर्ट अंगावर कपडे चढवायचं विसरून तसाच उभा राहिला. त्याच्या खांद्यावर कापलेले केस चिकटले होते. मी ते झटकायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

घरच्या काट्यावर निघताना वजन बरोबर भरलं होतं, उलट थोडं कमीच, असं त्यानं परतीच्या वाटेवर बापाला सांगितलं म्हणे. आदल्या संध्याकाळीही कमीच भरलं होतं, म्हणून त्यानं आमच्यासमोर संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि झोपताना चार घोट पाणी प्यायला. ते पाण्याचंही त्यानं आपणहून सांगितलं. ऑर्विल घरी आला, शेडमधून कोंबड्यांच्या खाद्याचं न उघडलेलं पोतं खांद्यावर घेतलं, तळघरात उतरला आणि ते काट्यावर ठेवलं. पोत्यावर छापलेलं वजन आणि दांडीवरचं वजन तंतोतंत जुळलं.

"काटा खोटं बोलत नाही," ऑर्विल म्हणाला. "मग या घरात खोटं कोण बोलतंय?"

"मी दुसरं काही खाल्लं नाही."

"दोन फोडींचं वजन दोन पौंड होत नसतं. आयुष्यभराची मेहनत एका रात्रीत चोरून खाल्लीस तू."

मी जिन्यावर उभी होते. कर्टनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जेवण गार होतंय.

शाळेत त्याच्या कपाटावर कुणीतरी डोनटचा रिकामा खोका चिकटवून ठेवला. कोच नुसते पाठीवर थाप मारून "होतं असं" म्हणाले, आणि कर्टला म्हणे तेच जास्त लागलं. त्यांचासुद्धा विश्वास नाही हे त्याला कळलं.

काल भांडी पुसायला तो माझ्याजवळ आला. बराच वेळ एकच ताटली पुसत होता. मग हळूच म्हणाला, "आई, मी झोपेत उठून खातो का गं? मला आठवत नाही, पण दुसरं काही सुचतच नाही. तुला त्या रात्री स्वयंपाकघरात काही ऐकू आलं होतं?"

मी म्हटलं, "मी झोपले होते. मला काही ऐकू आलं नाही."

आता तो झोपताना आपल्याच खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावतो. सकाळी ती जागची हललीय का, ते बघतो.

तू म्हणशील, एका कुस्तीचं एवढं काय. मीही स्वतःला तेच सांगते आहे.

आर्डिस

&nbsp;

रविवार, ८ मार्च

लव्हॉन,

"तू त्याच्याबद्दल सगळं लिहितेस, स्वतःबद्दल एक अक्षर नाही," असं तू लिहिलंस. लहानपणी तू अशीच माझी मूठ उघडायचीस. तर ऐक.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी कर्ट खाली बसला नव्हता, पडला होता. खट्‌ असा आवाज बराच वेळ आला नाही म्हणून मी खाली गेले. भट्टीच्या पायाशी रबरी सूटमध्ये तो आडवा, डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. मी गालावर चापट्या मारल्या, पेला भरून तोंडाला लावला. त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. शुद्ध नव्हती गं त्याला, पण दात आवळले होते. मग शुद्धीवर आला, आणि पहिलं वाक्य काय, तर बाबांना सांगू नकोस.

मी सांगितलं. ऑर्विल म्हणाला, आम्ही सगळेच कधी ना कधी त्या भट्टीपाशी लोळलोय, मेलो नाही. कोचना सांगायला मी शाळेच्या दारापर्यंत गेले होते. आत मुलांचा आरडाओरडा चालला होता, कर्ट कुणाला तरी उचलून गादीवर टाकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी परत फिरले. आपण बायका उगाच भितो असं वाटलं. तू पत्रातून डॉक्टरकडे न्यायला सांगितलंस, तेही मी स्पर्धा होऊ दे म्हणून पुढे ढकललं.

मग मी त्याच्या सुपात साय घोटून घालायला लागले. चवीत कळणार नाही एवढीच. त्यानं काय झालं? वजन उतरेना. वजन उतरेना म्हणून तो आणखी धावला, आणखी थुंकला, दुपारचं खाणंही सोडलं. माझी एक चमचा साय तो तासभर घाम गाळून फेडत होता. ते कळूनही दोन-तीन दिवस मी घालतच राहिले. आज नाही तर उद्या अंगी लागेल, असं मनाशी म्हणत. त्याला वाटत होतं आपण कमी पडतोय.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी तो सराव संपवून आला, रस्त्यावर धावायला गेला. ऑर्विल टँकर धूत होता. मी धुण्याची टोपली घेऊन तळघरात उतरले. काट्याच्या दांडीच्या टोकाला एक पितळी स्क्रू असतो, काटा शून्यावर आणायचा. तो मी फिरवला. नंतर स्वतः उभी राहून पाहिलं. दोन पौंडांनी हलकी झाले होते.

संध्याकाळी कर्ट काट्यावर चढला आणि ओरडतच वर आला. वजन उतरलं होतं, वर थोडी जागाही उरली होती. त्यानं सूट काढून टाकला. आमच्याबरोबर टेबलावर बसला, संत्र्याच्या दोन फोडी अशा चोखल्या, जणू जन्मात कधी फळ पाहिलं नव्हतं. बापाची नक्कल केली. ऑर्विल हसून हसून लाल झाला. सगळ्या हिवाळ्यात घरात ती एकच चांगली संध्याकाळ झाली, आणि ती मी चोरून आणलेली होती.

मी स्वतःला सांगत होते, झोपेत उतरेल उरलेलं, सकाळपर्यंत भरपाई होईल. खोटं आहे ते. मला माहीत होतं तो बाद होणार. मला तेच हवं होतं. त्यानं थांबावं, आणि थांबवणारी मी आहे हे त्याला कळू नये.

सकाळी ते दोघं गेल्यावर मी खाली उतरून स्क्रू होता तिथं आणून ठेवला. का ठेवला, याचं उत्तर शोधत बसले आहे. स्क्रू फिरवला तो पोरासाठी, असं एखाद्या दयाळू माणसाला म्हणता येईल. परत फिरवला तो माझ्यासाठी. तो मी तसाच राहू दिला असता तर ऑर्विलचं पोतं जुळलं नसतं, आणि माझ्या पोराला कुणी चोर म्हटलं नसतं.

तो अजून खुर्ची लावतो. आता मी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं. मूत्रपिंडं ठीक आहेत, पोटभर खाऊ द्या म्हणाले. म्हणजे माझी भीती फुकट होती की मी वेळेवर थांबवलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तू खूप आजारी पोरं पाहतेस. तू सांग.

किंवा सांगू नकोस. फक्त माझी बहीण राहा.

आर्डिस

&nbsp;

वेस्ट हेडाल
रविवार, १२ एप्रिल

प्रिय लव्हॉन,

तुझं पत्र दोनच ओळींचं आलं. "मला सांगून काय उपयोग? पोर माझं नाही." मी ते चारदा वाचलं आणि तुझा राग राग केला. मग त्याच रविवारी, चर्चमधून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर मी सांगितलं. आधी स्क्रूचं, मग सायीचं. क्रम उलटा झाला, पण जे जास्त टोचत होतं ते आधी बाहेर पडलं.

ऑर्विलनं हातातला काटाचमचा खाली ठेवला. कर्ट उठला आणि तळघरात गेला. खालून त्यानं हाक मारली. आवाज चढलेला नव्हता.

"दाखव," तो म्हणाला.

मी दाखवला. त्यानं स्क्रू फिरवला, काट्यावर चढला, उतरला, परत फिरवला, पुन्हा चढला. असं तीन-चार वेळा केलं. नंतर भट्टीजवळच्या पायरीवर बसला.

"म्हणजे मी झोपेत उठत नव्हतो."

"नाही."

"मी तुला विचारलं होतं, आई."

मी त्याला तो पडला होता तेव्हाचं सांगितलं, ते दात आवळलेलं. त्याला ते आठवतच नव्हतं. मग मी विचारलं, मी समोर उभी राहून थांब म्हटलं असतं, तर थांबला असतास का?

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "नसतो थांबलो. भांडलो असतो तुझ्याशी. कदाचित वजन उतरवून हरलोही असतो. पण ते माझं असतं."

मी रडले नाही. तिथं रडले असते तर त्यानं मला जवळ घेतलं असतं, आणि तेवढी लबाडी तरी मला करायची नव्हती.

त्यानं एकच गोष्ट मागितली. कोचना हे मी स्वतः जाऊन सांगावं, कारण त्याच्या शब्दाला आता शाळेत किंमत नाही. सोमवारी गेले. कोच रीडेल गाद्या गुंडाळून ठेवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि गुंडाळलेल्या गादीवर बसले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, जानेवारीत सरावाच्या वेळी त्यांना त्याचे निळे पडलेले ओठ दिसले होते. दोनदा विचारलं, तो ठीक आहे म्हणाला, आणि त्यांनी ते मानलं, कारण त्या गटातले गुण संघाला हवे होते. "ऑर्विलकडे मी जायला हवं होतं, बाई. तुमच्यावर पाळी यायला नको होती." मला त्यांच्या या बोलण्यानं हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या संघाला बसवून कर्ट खरं बोलत होता एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. पण गाव लहान आहे. दुकानात बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात.

ऑर्विल आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. एके दिवशी फेरीवरून आला, बूटसुद्धा न काढता कर्टसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुला चोर म्हणालो."

"हो."

"चुकलं माझं. ते एक, आणि वजनाचंही."

ऑर्विलच्या तोंडून एवढं ऐकायला मला एकवीस वर्षं लागली. कर्ट म्हणाला, "ठीक आहे, बाबा," आणि दोघं टँकरचं चाक बघायला बाहेर गेले. ते मोकळे झाले. बापलेकांमध्ये आता थट्टामस्करीही चालते. मी खिडकीतून बघते.

आता चांगली बातमी. कोचनी चिठ्ठी दिली आणि नदीपलीकडच्या कनिष्ठ कॉलेजनं कर्टला संघात घेतलं. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिलीच अट घातली, तुझं अंग जेवढं आहे तेवढ्याच वजनात खेळायचं, बाकी बळ वाढवायचं. तो रोज व्यायामशाळेत जातो. बार खांद्यावर घेऊन बसतो आणि उठतो, पाठ ताठ ठेवून. परवा मी त्याला घ्यायला लवकर गेले तर दारातून दिसला. दर वेळी उठताना मानेच्या शिरा फुगत होत्या आणि चेहरा फुलला होता, लालबुंद, जिवंत. केसही वाढलेत.

आणि तो जेवतो, लव्हॉन. भरपूर जेवतो. फक्त माझ्या हातचं नाही. फ्रिजमध्ये खालचा कप्पा त्यानं आपला केलाय. अंडी स्वतः उकडतो, मांस स्वतः भाजतो, दुधाची बाटली स्वतः उघडतो. उद्धटपणा नाही, आदळआपट नाही. मी वाढायला गेले तर "नको, आहे माझं," एवढंच म्हणतो, पाहुणे म्हणतात तसं. खुर्ची आता दाराला लावत नाही. पण मला माझ्याच ओट्यापाशी उभं राहायला लाज वाटते.

काल मी बटाटे घालून गोमांसाचा रस्सा केला होता. तो व्यायामाहून भुकेजून आला, भांड्यावरचं झाकण उचललं आणि वाफेत तोंड धरून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "यात काय काय आहे?"

मी सांगितलं. मांस, बटाटे, गाजर, कांदा, दोन चमचे मैदा, लोण्याचा एक तुकडा, मीठ, मिरपूड. काही राहिलं तर नाही ना, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि तमालपत्र राहिलं होतं ते सांगितलं.

तो सगळं ऐकून घेत होता. मग झाकण ठेवलं आणि आपल्या कप्प्यातली अंडी काढली.

त्यानं खाल्लं नाही. पण विचारलं, लव्हॉन. चार आठवड्यांत पहिल्यांदा विचारलं. त्याला वाटलं असेल की मी आता खरं सांगेन. की नुसती परीक्षा घेत होता, मला कळत नाही. मी आज पुन्हा तसाच रस्सा टाकलाय आणि ओट्यापाशी बसून तुला हे लिहिते आहे. तो यायची वेळ झालीय.

मे महिन्यात त्याची शाळा संपल्याच्या समारंभाला तू ये. त्याच्या कुस्तीबद्दल हळहळू नकोस, आणि माझी बाजू तर मुळीच मांडू नकोस.

विचारलं तर एवढं तरी खरं सांगणारी,
तुझी
आर्डिस